आस्लाउगची खासगी प्रार्थना

आमच्या बेटावरचं चर्च आस्लाउग सांभाळते. घंटा, मेणबत्त्या, झाडलोट, सगळं तिच्याकडे. वय एकसष्ट, बोलणं मोजकं. प्रार्थना ती पुस्तकातून वाचायची, आणि तीही इतकी भरभर, की जणू देवाला बोट गाठायची आहे. त्या वर्षी उपवासकाळ सुरू झाला तेव्हा आमच्या पाद्री इंगुनबाईंनी तिला पुस्तक बाजूला ठेवायला लावलं. दर गुरुवारी दुपारी अर्धा तास रिकाम्या चर्चमध्ये बस आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं देवाशी मोठ्यानं बोल, म्हणाल्या. आस्लाउगनं सांगितलं, शेजाऱ्याशी मी अकरा वर्षं बोललेली नाही.

तो शेजारी म्हणजे ओड्व्हार. आस्लाउग बहिणीकडे गेलेली असताना त्यानं तिच्या कुंपणातलं झाड तोडलं होतं, कारण झाडाची सावली त्याच्या होडीघरावर पडायची. आता खुबा मोडल्यामुळे तो आमच्या वृद्धाश्रमात राहतो. मी तिथली स्वयंपाकीण, सुन्निवा.

ज्यांना चर्चला जाणं झेपत नाही त्यांच्यासाठी रविवारची उपासना तारेवरून आमच्या जेवणघरातल्या स्पीकरवर येते. त्यासाठी हिवाळ्यात चर्चमध्ये नवं यंत्र बसवलं होतं. लाल दिवा लागला की यंत्र बंद, अशी आस्लाउगची समजूत. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं.

पहिल्या गुरुवारी मी कॉफी ओतत होते, तेवढ्यात स्पीकर खाकरला.

"नमस्कार. मी आस्लाउग. चर्चची." मग बाक करकरला. "आज गारठा आहे. पण ते तुला माहीतच असणार."

सगळ्यांचे कप हवेत थांबले. आमची बोर्गहिल चौऱ्याण्णव वर्षांची. ती रुमाल तोंडात कोंबून हसायला लागली. पुढचा अर्धा तास आस्लाउगनं देवाला हवामान, मेंढ्यांचे दर आणि गळका नळ यांची माहिती दिली. स्पीकर बंद करायला हवा होता, हे मला कळत होतं. बटण माझ्या हाताशी होतं. पण मी वॅफल वाढत राहिले.

दुसऱ्या गुरुवारी बारा वाजायच्या आतच सगळे केस विंचरून जागेवर हजर. त्या दिवशी आस्लाउगची जीभ सुटली. इंगुनबाईंचा सूर वरच्या पट्टीत जातो तेव्हा खिडक्यांची काळजी वाटते, असं तिनं प्रभूला सांगितलं. मग म्हणाली, "आणि त्या सुन्निवाला मिठाचा अंदाज दे रे बाबा. म्हाताऱ्यांचे हाल होतात." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "आमेन." माझ्यासाठी आयुष्यात कुणी नाव घेऊन प्रार्थना केल्याचं मला आठवत नव्हतं. मला राग यायला हवा होता; आला नाही.

तिसऱ्या गुरुवारी मात्र तिनं हवामानाला फाटा दिला. हळू आवाजात म्हणाली की ओड्व्हारच्या होडीघरावरचा पत्र्याचा कोंबडा, वारा दाखवणारा, तो वादळात उडाला नव्हता. तो तिनंच काढला होता, शिडी लावून, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आणि आपल्या बटाट्याच्या वाफ्यात पुरला होता. "दर वर्षी बटाटे काढताना दिसतो. दर वर्षी परत पुरते. मला आता त्याचा कंटाळा आलाय, प्रभू. माझाही आलाय."

जेवणघरात कुणी हसलं नाही. सगळे ओड्व्हारकडे बघत होते. त्यानं कप खाली ठेवला. त्याचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शिडी लावून," तो परत परत म्हणत होता. "ती बया शिडी लावून चढली." मग म्हणाला, "मला चर्चमध्ये ने. आत्ता."

चाकाची खुर्ची ढकलत मी चढावर पळाले. समोरून वारा, आम्ही दोघंही हसतोय, माझा अ‍ॅप्रन तोंडावर उडतोय. आत आस्लाउग गुडघे टेकून अजून बोलतच होती.

"थांबू नकोस," ओड्व्हार दारातून म्हणाला. "मी झाड तोडलं त्याबद्दल तू अजून काहीच बोलली नाहीस."

ती उठली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या लाल दिव्याकडे. काय घडलंय ते तिला हळूहळू उमगत गेलं, आणि मानेपासून कपाळापर्यंत ती लाल होत गेली.

"किती गुरुवार?" तिनं विचारलं.

"तिन्ही," मी म्हणाले. "माझी चूक आहे. मी बंद करायला हवं होतं."

"मिठाचंसुद्धा?"

"मिठाचंसुद्धा."

ती मटकन बाकावर बसली. ओड्व्हारनं खुर्ची तिच्याजवळ नेली आणि म्हणाला की झाड तोडल्याचं त्याला त्याच संध्याकाळी वाईट वाटलं होतं, पण ते सांगायचं कसं हे अकरा वर्षं सुचलं नाही. तिनं त्याच्याकडे न बघता हात पुढे केला. तो त्यानं धरला. मी त्यांना तिथंच सोडून बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढच्या गुरुवारी स्पीकर मुका होता. आमचे म्हातारे हिरमुसून बसले. तेवढ्यात दार उघडलं आणि आस्लाउग आत आली, रविवारचा कोट घालून. खुर्ची ओढून मधोमध बसली.

"माझं सगळं ऐकलंत," ती म्हणाली. "आता तुमचं काढा. पुस्तक चालणार नाही."

सगळे शाळेतल्यासारखे खाली बघायला लागले. शेवटी बोर्गहिलनं घसा साफ केला. नवरा समुद्रात बुडून गेल्यापासून तिनं प्रार्थना सोडली होती, हे आम्हाला माहीत होतं.

"प्रभू, मी बोर्गहिल," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं मी तुझ्याशी अबोला धरलाय. तुझ्या लक्षात आलं असेलच. मी अजून रागावलेली आहे. पण या बाईचं ऐकून मला इतकं हसू आलं, की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि पहिल्यांदा तुझीच आठवण झाली."

मग थांबायचं नावच नाही. ओड्व्हार बोलला, त्याला मध्येच तोडून दुसरा बोलला, कुणी गात सुटलं, कुणी रडत रडत हसलं. माझं माशाचं सार उतू गेलं, तरी कुणी उठलं नाही.

सगळं आवरल्यावर मी माशांची डोकी सीगलना टाकायला धक्क्यावर गेले. बादली रिकामी झाली तरी मी तिथंच उभी होते, आणि मोठमोठ्यानं बोलत होते. समोरून जाणाऱ्या होडीतल्या माणसानं हात हलवला. मीही हलवला आणि पुढे बोलत राहिले.