माझ्या पोटातले तेवीस फोटो

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. खिशातल्या पाकिटाएवढी, काळी, एका कोपऱ्यावर पोचा आलेली. टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात मी पडून असते. मला आता कोणी वायर जोडत नाही आणि जोडली तरी काही उपयोग नाही, कारण माझे पोट उघडून पुन्हा बंद केलेले आहे. तरीही माझी हकिगत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्याही घरात असेल आणि तुम्ही तिच्या भरवशावर निर्धास्त असाल.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारखी लखलखीत तबकडी बसवली आणि तिच्यावर एक इवलीशी सुई. तबकडी गरगर फिरते आणि सुई तिच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत राहते. सुईने तबकडीला कधीही टेकायचे नाही, एवढी एकच गोष्ट आम्हाला सांभाळायची असते.

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्यांनी. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करत. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेची काळजी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या नजरेचा शौक. शौक म्हणजे फोटो काढण्याचा. घरात चार माणसे जमली की यांनी कॅमेरा काढलाच म्हणून समजा. "थांबा, एक मिनिट, कोणी हलू नका!" असे म्हणून ते इतका वेळ लावत, की फोटोतली निम्मी माणसे अवघडून गेलेली आणि लहान मुले रडवेली दिसत. त्यांच्या भाचीने तर लहानपणीच त्यांचे नाव 'एकमिनिट मामा' ठेवले होते.

त्यांच्या तरुणपणीच्या साऱ्या निगेटिव्ह माळ्यावर होत्या. छताच्या गळतीने त्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. त्या दिवशी चष्मेवाले जेवले नाहीत म्हणे. मग त्यांनी ठरवले, की नातेवाइकांकडे जे छापलेले फोटो उरलेत ते सगळे गोळा करायचे, स्कॅन करायचे आणि एका जागी ठेवायचे. ती एक जागा म्हणजे मी.

मित्रांनो, ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. आत्याचा अल्बम आला, चुलत भावांचे आले, एका मावशीने तर पिठाच्या डब्यात ठेवलेले फोटो आणून दिले. जुन्या अल्बमच्या पानांना गोंद असे. त्याला फोटो घट्ट चिकटून बसत, ओढले तर फाटत. चष्मेवाले शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या खालून हळूहळू सरकवत. मग मऊ ब्रशने धूळ झटकून फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवत. फोटोच्या मागे कोणी काही लिहिले असेल तर तेही स्कॅन करत. त्यांचा कॉम्प्युटर जुना आणि जागेला तोकडा. म्हणून प्रत्येक फोटो माझ्यात आला, की तिथला पुसून टाकत.

सुट्टीच्या दिवशी सगळे पडद्यासमोर जमत. "अरेच्चा, हा मी? एवढे केस होते मला?" असे कोणी ओरडे आणि घर हसण्याने भरून जाई. मी आपली गरगर फिरत राही. माझ्या पोटात अकरा हजार फोटो होते. मला गर्व झाला होता, हे मी कबूल करते.

पण चष्मेवाल्यांची एक खोड होती. ते फोटो दाखवत, देत मात्र नसत. प्रत्येक फोटोवरचा ओरखडा, बुरशीचा डाग, उडालेला रंग ते कॉम्प्युटरवर एकेक टिंब करून भरून काढत. एका फोटोला दोन-दोन आठवडे जात. कोणी मागितला तर म्हणत, "असा मळका देऊ? नीट करतो, मग सगळ्यांना एकदमच देतो." इंटरनेटवर ठेवायला ते तयार नव्हते. "घरच्या माणसांची तोंडं परक्याच्या गोदामात कशाला?"

त्यांची बायको म्हणे, "अहो, निदान दुसऱ्या एका डबड्यात उतरवून ठेवा."

"ही नवीकोरी आहे," ते म्हणत. मी तेव्हा सात वर्षांची होते.

आणि मग त्यांची धाकटी बहीण आपला अल्बम घेऊन आली.

तिचा नवरा क्रेन चालवत असे. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच कामावर अपघात झाला आणि तो गेला. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. त्या दोन वर्षांचे तेवीस फोटो होते, बहुतेक सगळे चष्मेवाल्यांनीच काढलेले आणि एकेकच छापलेले. अल्बम कपाटात कुलपाखाली असे. उघडला की पानांबरोबर रंग निघे, म्हणून बहीण तो फारसा उघडतच नसे.

आता मुलगी नर्स झाली होती. समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती. तीन वर्षे परत येता येणार नव्हते.

"दादा," बहीण म्हणाली, "हिला जाताना बाबांचा फोटो हवाय. हिला कडेवर घेतलेला एकच आहे. तेवढा नीट करून दे. सांभाळ हं, ह्यांचं माझ्याकडे एवढंच आहे."

"मामा, मी मोबाइलवर काढून घेऊ का आत्ताच?" भाचीने विचारले.

"मोबाइलवर? चकाकी येते त्यात. थांब, मी तुला असा करून देतो, की बाबा आत्ता बोलतील असं वाटेल."

भाचीने मोबाइल पर्समध्ये परत ठेवला. ती पर्स बंद होतानाचा आवाज मला अजून आठवतो.

चष्मेवाल्यांनी तेवीसच्या तेवीस फोटो अल्बममधून सोडवले. गोंदाने कागद खायला सुरुवात केली होती. सगळे माझ्यात उतरवून झाल्यावर मूळ फोटोंचा दमटपणा जावा म्हणून त्यांनी ते वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये ठेवले आणि तो गठ्ठा भिंतीशी वजनाखाली दाबून ठेवला. दोन आठवड्यांनी घराला रंग द्यायला माणसे आली. सगळीकडे पसारा. "आधी ही रद्दी बाहेर काढा हो," रंगारी म्हणाला. चष्मेवाल्यांनी वरचे वजन उचलले आणि त्या गठ्ठ्यासकट सगळी रद्दी स्वतःच्या हातांनी दाराशी नेऊन रद्दीवाल्याला दिली.

मित्रांनो, मी टेबलावरच होते. मला दिसत होते. मला तोंड नव्हते.

त्यांच्या लक्षात आले दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना. घास हातातच राहिला. ते तसेच उष्ट्या हाताने रद्दीच्या दुकानाकडे पळाले. परत आले तेव्हा चप्पल एकाच पायात होती. सगळा माल सकाळीच कागदाच्या गिरणीत गेला होता. तिथे तो पाण्यात घालून दळतात.

त्यांनी उष्टा हात धुतला. मग माझ्याकडे वळले. "तू आहेस," ते म्हणाले. "तू आहेस ना. आत्ताच्या आत्ता दुसरी प्रत करतो."

त्यांनी शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर मागून आणला आणि मला जोडले. मी फिरू लागले. फोटोंची यादी पडद्यावर आली. मेहुण्यांच्या फोटोंचा कप्पा दिसला तसा त्यांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ते दचकून उठले. अपराधी माणूस असाच उठतो. पायात वायर अडकली आणि मी फिरता फिरता फरशीवर आपटले.

सुई तबकडीला टेकली.

ते दुखणे मी तुम्हाला कसे सांगू? माझ्या अंगातून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. त्यांनी वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला, मला उबदार कापडात गुंडाळले, कानाशी धरले. "चालू हो गं," ते पुटपुटत होते, "एकदा चालू हो, फक्त एकदा." फोटो माझ्या पोटातच होते. कडेवरचे बाळ होते, त्याच्याकडे बघून हसणारा बाप होता. मी जिवाच्या आकांताने सुई उचलायला बघत होते. बाहेर मात्र टक्, टक्, टक् एवढेच येत होते.

दुरुस्तीवाल्याने मला कानाला लावले आणि लगेच खाली ठेवले. "किती वेळा चालू केलीत पडल्यावर?"

"वीसेक वेळा."

"काका, प्रत्येक वेळी सुईने आतलं खरवडलंय," तो म्हणाला. "आता हात लावू नका. बाहेरगावी पाठवू, तिथं उघडून बघतात. पण आशा फार ठेवू नका."

मी गेले. महिनाभर एका कपाटात माझा नंबर येण्याची वाट पाहत होते. त्या महिन्यात घरी काय झाले, ते मी परत आल्यावर चष्मेवाल्यांच्या बायकोच्या तोंडून ऐकले. बहिणीचा दर दोन दिवसांनी फोन येई. "दादा, झाला का?" आणि हे सांगत, "रंग जुळवतोय." "झाला का?" "कागद चांगला मिळत नाहीये." दुकानात त्यांनी एकाचा नंबर दुसऱ्याच्या चष्म्यात बसवला. तीस वर्षांत पहिल्यांदा मालकाची बोलणी खाल्ली. फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन बसत.

भाचीला निघायला चार दिवस उरले, तेव्हा मायलेकी न कळवता दारात उभ्या राहिल्या. मी त्याच सकाळी टपालाने परत आले होते. सोबत एक छोटी पेनड्राइव्ह आणि एक चिठ्ठी होती. अकरा हजारांपैकी तीनशे चार फोटो हाती लागले होते, तेही बरेचसे अर्धवट. चष्मेवाल्यांनी नुकतेच ते उघडून पाहिले होते.

"दे दादा," बहीण म्हणाली. "जसा झाला असेल तसा दे."

त्यांनी सगळे सांगितले. उभ्याउभ्या, भिंतीकडे बघत.

बहीण खाली बसली. "आणि खरे फोटो? माझ्या अल्बममधले?"

"रद्दीत गेले."

"कोणी दिले?"

"मी."

"आणि महिनाभर तू मला रंग जुळवतोय म्हणून सांगत होतास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "मी मेले तरी चाललं असतं रे, पण हे फोटो..."

भाची मामाकडे बघत होती. "मामा, मला बाबा आठवत नाहीत," ती म्हणाली. "मला तो फोटोच आठवतो. तोच माझ्यासाठी बाबा होता. आता काही दिवसांनी तोही आठवणार नाही."

चष्मेवाल्यांनी पडद्यावर एक फोटो आणला. तेविसांपैकी हाच एक परत आला होता. वरचा अर्धा भाग शाबूत होता. विस्कटलेले केस, कपाळ, हसताना बारीक झालेले डोळे, हनुवटी. त्याखाली सरळ रेषेत सगळे राखाडी. बाप मान खाली घालून हसत होता आणि ज्याच्याकडे बघून हसत होता, ते बाळच नव्हते.

"मी जोडून देतो," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "तुझा लहानपणीचा दुसरा फोटो घेतो, माप जुळवतो. शपथ सांगतो, कोणाला कळणार नाही."

"नको," भाची म्हणाली. "मला कळेल ना. असाच द्या. आत्ता."

त्यांचा हात थांबला. फोटोतल्या कपाळावर एक पांढरा डाग होता, तो पुसायला त्यांची बोटे वळवळली असणार. पण त्यांनी फोटो तसाच तिच्या मोबाइलवर पाठवला. मग उरलेले तीनशे तीनही, फाटके, तुटके, डागाळलेले, घरातल्या प्रत्येकाला पाठवले. पाठवताना ते ओक्साबोक्शी रडत होते. त्यांचे पाठ करून उभे राहणे आणि हलणारे खांदे मला दिसत होते.

भाचीने मोबाइल आईसमोर धरला. "आई, मी यात कुठे होते?"

बहिणीने मोबाइल हातात घेतला. मग डोळे पुसून तिने त्या राखाडी भागावर बोट टेकवले. "इथं तुझं डोकं. जावळ काढलेलं नव्हतं अजून. ही मूठ, ह्यांच्या कॉलरवर. सोडतच नव्हतीस. आणि एक मोजा पडला होता, तो इथं खाली..." ती सांगत गेली आणि भाची मोबाइलवर भराभर लिहून घेत गेली. दोघी चष्मेवाल्यांशी एक शब्दही न बोलता निघून गेल्या.

भाची गेली त्याला आता दीड वर्ष झाले. तिचे मामाला फोन येतात. बहीण मात्र या घराची पायरी अजून चढलेली नाही. चष्मेवाले दर सुट्टीला तिच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात.

मित्रांनो, मला क्षमा मागायची आहे, पण कोणाकडे मागू? मी पडले यात माझा दोष नव्हता. माझ्या एकटीवर इतकी माणसे सोपवली, हे मात्र मला कधीच झेपणार नव्हते. आमच्यातली प्रत्येक जण कधी ना कधी बंद पडते. म्हणून हात जोडून सांगते, आज उठा. घरातले फोटो उतरवा, एक प्रत तुमच्याकडे ठेवा आणि एक दुसऱ्या घरी ठेवायला द्या. डाग असतील तर असू देत. ज्याचा माणूस त्या फोटोत आहे, त्याने मागितला की त्याच्या हातात द्या. आणि ज्यांना त्या फोटोंतली माणसे ओळखता येतात, ते जिवंत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या, की इथे कोण होते.