न पाहिलेलं कोकरू

गेनोवेफाबाईंना गावातल्या सगळ्या टोपल्या तोंडपाठ होत्या. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी चर्चमधल्या लांब टेबलावर घराघरातून टोपल्या येत. पाव, मीठ, सॉसेज, रंगवलेली अंडी आणि मधोमध प्रभूची खूण म्हणून घडवलेलं लोण्याचं कोकरू. फादर त्यांवर पवित्र पाणी शिंपडत, आणि तेवढ्यात बाई कुणाचं सॉसेज विकतचं, कुणाच्या कोकराची मान वाकडी, याचा पंचनामा उरकून घेत. शेजारच्या लेओकाडियाचं कोकरू तर एक्केचाळीस वर्षं त्यांच्या डोळ्यात सलत होतं. मिऱ्यांचे डोळे, लाल झेंडा, अंगभर कुरळी लोकर! लोण्याचे असे लाड बाईंना जन्मात जमले नाहीत.

यंदा मात्र बाईंना चैन नव्हतं. एकाहत्तरावं लागलं, एवढे ईस्टर झाले आणि प्रभूकडे एकदाही धड लक्ष गेलं नाही, या विचाराने त्यांना खरंच रडू यायचं. म्हणून त्यांनी पापकबुलीच्या जाळीला तोंड लावलं.

"फादर, मी प्रार्थनेच्या वेळी लोकांची कोकरं बघते."

पलीकडे फादर वालेंती बराच वेळ खोकले. "यंदा नका बघू."

"पण मन तिथंच घुटमळलं तर? प्रभूपाशी होतं की सॉसेजपाशी, मला कळणार कसं?"

"ते तोच कळवील तुम्हाला."

शनिवारी बाईंनी आपली टोपली टेबलावर ठेवली, वरचा रुमाल उलटला आणि डोळे गच्च मिटले. नशीब असं की शेजारीच लेओकाडियाची टोपली येऊन बसली.

"गेनोवेफा, बघ तरी! यंदा शिंगं काढलीयत!"

शिंगं? कोकराला? बाईंची मान आपोआप वळली. "प्रभू, धर रे मला," त्या पुटपुटल्या आणि पापण्या आणखी आवळल्या.

फादरांची प्रार्थना सुरू झाली. बाईंना पहिल्या ईस्टरच्या पहाटेच्या त्या बायका आठवल्या, सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरीकडे निघालेल्या. दगड बाजूला, कबर रिकामी! तेव्हा कुणी म्हणालं असेल का, तुझ्यापेक्षा माझं उटणं भारी म्हणून? हातातलं सगळं विसरून पळत सुटल्या असतील बिचाऱ्या. उठलाय तो! उठलाय! बाईंना एकदम हसूच फुटलं. त्याच क्षणी पवित्र पाण्याचा सपकारा थेट तोंडावर आला, आणि त्या लहान पोरीसारख्या खिदळल्या. हाताला लागली त्या टोपलीवर न बघताच रुमाल टाकून, ती उचलून, गुणगुणत, जवळजवळ नाचतच त्या घरी आल्या.

स्वयंपाकघरात रुमाल काढला, तर आतून शिंगांचं कोकरू त्यांच्याकडे टकामका बघतंय.

दार धाडकन उघडलं. बाईंची टोपली घेऊन लेओकाडिया उभी.

"वा गं वा! आयुष्यभर डोळा ठेवलास, आता उचलूनच आणलंस?"

"अगं, मी बघितलंच नाही!"

"तू? चार रांगा मागून माझी अंडी मोजणारी तू?"

"देवाशप्पथ! तुझी सोड, मला माझी टोपलीसुद्धा..."

बाई मध्येच थांबल्या. गावातल्या सगळ्या टोपल्या ओळखणारी आपण, आणि आज स्वतःच्या नवऱ्याने विणलेली टोपली ओळखता आली नाही. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटल्या.

"कळवलं! त्यानं कळवलं मला, लेओकाडिया!"

"काय कळवलं? डोकं ठिकाणावर आहे ना?" लेओकाडिया जरा घाबरलीच. तिने आपली टोपली पुढ्यात ओढली आणि कोकराचा झेंडा सरळ केला. मग हळूच विचारलं, "ते जाऊ दे. शिंगं कशी झालीयत?"

बाईंनी डोळे पुसले आणि कोकराकडे नीट पाहिलं.

"फार सुंदर झालीयत गं," त्या म्हणाल्या, आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटात दुखलं नाही.