शिक्क्यातलं आंबेगाव

घोडेगावच्या पेठेत पुनमचंद शेठचं किराणा दुकान, पण जीव सगळा टपालाच्या तिकिटांत. महाराष्ट्र दिनाला त्यांच्या तिकिटांचं प्रदर्शन ठरलं आणि माणूस हवेतच गेला. पण नेमकं राज्याच्या स्थापनेच्या सालचं तिकीटच त्यांच्याकडं नव्हतं!

ते निघालं तुकाबाईकडं. मेंढपाळाची लेक, वय ऐंशीच्या घरात, माहेर जुनं आंबेगाव, डिंभे धरणाखाली गेलेलं. भावानं तिथून धाडलेल्या पत्राचं पाकीट तिनं लुगड्याच्या घडीत जपलेलं.

"भाऊ म्हनायचा, ह्या शिक्क्यात आपल्या गावाचं नाव हाय. मला वाचता येत न्हाई. पर लोकांना दिसू द्या शेठ, आमचं बी गाव व्हतं."

शेठनी मान हलवली खरी, पण ऐकतंय कोण? डोळे तिकिटावर! घरी येताच तिकीट कापलं, कोमट पाण्यात सोडलं, अलगद सुटं केलं. हाताला सवयच ती. उरलेलं पाकीट केरात. तिकीट सुकल्यावर बघतात तर त्यावर शिक्क्याची नुसती काळी कड. गावाचं नाव पाकिटावर राहिलेलं! शेठ अनवाणी रस्त्यावर धावले, तर घंटागाडी केव्हाच गेलेली.

"अरे देवा, काय करून बसलो मी!" त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं, बरं का. पण प्रदर्शनाला तुकाबाई आली ती माहेरच्या साळुबाईचा हात धरून, नवं लुगडं नेसून. शाळेची पायरी दोघींनीही चढलेली नव्हती.

"शेठ, पाकीट कुठंय?"

"फार जीर्ण झालं होतं, मावशी. नाव आहे की तिकिटावरच." बोलून गेले, आणि शेठना स्वतःचीच किळस आली.

"कुठं? बोट ठेवा बघू."

शेठनी काचेवर बोट ठेवलं, 'भारत' छापलं होतं तिथं.

तुकाबाईनं तिथंच हात टेकवून कपाळाला लावला. "साळे, बघ गं, आपलं आंबेगाव!"

साळुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती ढसाढसा रडली.

"लई उपकार झालं, शेठ," म्हणत तुकाबाई त्यांच्या पायांशी वाकली. वयानं आईएवढी बाई. शेठनी मागं सरायला हवं होतं, पण पाय हलेचनात.