लाल ठिपक्याचे घर

मार्लिसने डोळे मिटून रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला, अगदी हळू, गाईची शेवटची धार काढावी तसा. गोळ्यांच्या घरांचे रिकामे चक्र एक घर फिरले, आत काहीतरी बारीकसे टिचकले आणि मग घोडा पडला. तिने नाक मुरडून ते कामाच्या बाकावर ठेवले आणि पुढचे उचलले.

बाकापलीकडे दुकानाचा मालक ऑर्व्हल टीग स्टुलावर बसून कॉफी पीत होता. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी रिव्हॉल्व्हरचा चाप हलका करून घ्यायला त्याच्याकडे लांबलांबून माणसे येत, आणि प्रत्येकाला तो तेच ऐकवी. स्प्रिंग मी बदलीन, पोलाद घासून लोण्यासारखे करीन, पण मुळात हाड चांगले हवे, आणि ते ज्याचे त्याने आपल्या बोटाने ओळखायचे. म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो दोन-तीन जुनी रिव्हॉल्व्हरे घरी नेऊन रिकामी चालवून बघायला लावी. त्यातले एक निवडून आणल्याशिवाय कामाला हात लावत नसे.

“तिन्ही घेऊन जा,” तो म्हणाला. “संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ओढत राहा. ज्यानं हातात काही आहे हेच विसरायला होईल, ते तुझं.”

“आणि तिन्ही दगड निघाले तर?”

“तर विणकाम शिक.”

मार्लिस हसली. गेल्या हिवाळ्यात व्हर्लिनला, तिच्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला त्यानंतर ती या दुकानात आज पहिल्यांदाच आली होती. व्हर्लिन खाटेवर होता. डोळे उघडे ठेवी, भरवलेला घास गिळी, बाकी शून्य. आत समज उरलेली नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकले होते. त्याच्या बहिणीने, आर्डिसने, खटपट करून गावातल्या शुश्रूषागृहात त्याच्यासाठी खाट मिळवली होती आणि सोमवारी त्याला तिकडे हलवायचे होते. सोमवारनंतरच्या संध्याकाळी मार्लिसच्या स्वतःच्या असणार होत्या. वसंतातल्या स्पर्धेत उतरायचे तिने ठरवले होते. या मोकळ्या संध्याकाळींची तिला ओढ लागली होती, आणि त्या ओढीची लाजही वाटत होती.

घरी पोचली तेव्हा बाहेर बटाटे काढून झालेल्या शेतांवरून वारा सुटला होता. तिने व्हर्लिनला सूप भरवले, तोंड पुसले, त्याच्या खोलीचे दार नेहमीसारखे उघडे ठेवले आणि बोळ ओलांडून स्वयंपाकघरात येऊन बसली. टीव्ही तिने लावलाच नाही. तिन्ही रिव्हॉल्व्हरांची सगळी घरे बोटाने चाचपून रिकामी असल्याची खात्री केली, भिंतीवर एक डाग हेरला आणि ओढायला सुरुवात केली.

पहिले खरखरीत होते. दुसरे शेवटी शेवटी अडत होते, मळलेल्या बिजागरीसारखे. तिसरे मात्र असे सरकले की तिने पुन्हा उघडून पाहिले, यावर कुणी आधी काम तर केले नाही ना. ती हळूहळू ओढत राहिली. टिक्, टक्. टिक्, टक्. मन निवत गेले.

मग बोळापलीकडच्या खोलीतून आवाज आला. “च्.”

तिचा हात थांबला. फरशी वाजली असेल, उंदीर असेल, असे म्हणत ती उठून व्हर्लिनच्या दारात गेली. तो छताकडे बघत होता. ओठ नेहमीसारखे किंचित विलग, पांघरूण जिथल्या तिथे. ती परत येऊन बसली आणि पुन्हा ओढू लागली. चक्र पुरते फिरून आले आणि आवाज पुन्हा आला. “च्.”

हा आवाज तिच्या ओळखीचा होता, नव्हे, सगळ्या नेमबाजी क्लबाच्या ओळखीचा होता. व्हर्लिनचे कान नावाजलेले. इतर गडी कान झाकायचा आळस करत तेव्हा हा आत बोळे आणि वर टोपणे चढवून नेम धरी आणि ‘म्हातारी’ म्हणून चिडवून घेई. त्या गड्यांशी आता ओरडून बोलावे लागे. रेंजवर तो पाठ करून बसायचा आणि कुणी रिकामे रिव्हॉल्व्हर हळू ओढून दाखवले की नुसत्या कानाने दोष सांगायचा. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आधी खाचेत बसते, घोडा नंतर पडतो. एखादे घर केसभर उशिरा बसत असले की दोन आवाज एकमेकांत मिसळतात. तसे झाले की व्हर्लिन जीभ टाळूला लावून “च्” करी. पुढे एक शब्द नाही. माणसे त्या आवाजाला वचकून असत, आणि मार्लिसने तर तो सूपमध्ये मीठ कमी पडल्यावरही ऐकलेला होता.

आपला नवरा आत जागा असेल या कल्पनेने आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटत होती. तिने रिव्हॉल्व्हरे टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिली आणि त्या रात्री दिवाणखान्यातल्या कोचावर झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगले ऊन असताना, तिने ते तिसरे रिव्हॉल्व्हर पुन्हा काढले. एकेक ओढून आवाज झाला ते घर हेरले आणि त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मग डोळे मिटले आणि चक्र तळहाताने गरागरा फिरवले. कोणते घर कुठे आले हे आता तिलाही माहीत नव्हते. ती ओढत गेली. तिच्या स्वतःच्या कानांना सगळी घरे सारखीच लागत होती.

“च्.”

तिने डोळे उघडले. लाल ठिपका घोड्याखाली होता.

तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा चक्र फिरवले. पुन्हा तेच घर. मग मुद्दाम दुसरे रिव्हॉल्व्हर घेऊन बराच वेळ ओढले, तेव्हा बोळापलीकडची खोली गप्प राहिली. तिसऱ्यावर आली की त्या एका घराला तो बरोबर बोले. शेवटी तिने ते टेबलावर ठेवले.

शनिवारी आर्डिस व्हर्लिनचे सामान भरायला आली. तिला त्याच्याजवळ बसवून मार्लिस दुकानात गेली. सगळी वाट ती मनात एकच गोष्ट घोकत होती, त्या घरात दोष नसू दे. दोष नसला तर तो आवाज म्हणजे सुकलेला घसा, सवय, योगायोग, काहीही म्हणता आले असते.

ऑर्व्हलने रिव्हॉल्व्हर घेतले, ठिपका पाहून भुवया उंचावल्या, पण विचारले काही नाही. चक्रावर अंगठा हलकेच टेकवून त्याने एकेक घर ओढून पाहिले. ठिपक्याच्या घराशी थबकला. ते पुन्हा ओढले, चष्मा बदलला, दिव्याखाली धरून तिसऱ्यांदा ओढले.

“उशिरा बसतंय,” तो म्हणाला. “अगदी केसभर. जरा जोरात ओढलं की चक्र आपल्या वेगानंच जाऊन बसतं, म्हणून कळत नाही. मला नव्हतं सापडलं. तुला कसं गं सापडलं?”

“मला नाही. व्हर्लिनला.”

ऑर्व्हल हसला, मग तिचा चेहरा पाहून त्याचे हसू ओसरले. तिने झाले ते सगळे सांगितले. तो बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला, हात स्वच्छच होते.

“नाताळात मी आलो होतो,” तो म्हणाला. “त्याच्या उशाशी बसून केक खात होतो आणि आर्डिसला सांगत होतो की हा गेला की याचं सामान क्लबात कुणाकुणाला वाटायचं.”

मार्लिसने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

“मार्लिस, सगळं ऐकत असेल का गं तो? पहिल्यापासून?”

रिव्हॉल्व्हर बाकावरच सोडून ती निघाली. तो आवाज तिने याआधीही ऐकला होता, हे तिला गाडीत बसल्यावर आठवले. महिनोन्महिने. अंथरूण बदलताना, आर्डिस शुश्रूषागृहाच्या गोष्टी काढी तेव्हा, शेजारीण येऊन उसासे टाकी तेव्हा. लाळ गिळतो आहे, असे म्हणून प्रत्येक वेळी ती त्याचे तोंड पुसत आली होती.

घरी आर्डिस कपाट उघडून व्हर्लिनचे सदरे घडी करत होती आणि खणखणीत आवाजात बडबडत होती. तिकडे असले सदरे काय करायचे, तिथे पाठीला बंद असलेले झगेच घालतात, शिवाय याला कुठे कळणार आहे आपण काय घातले आहे ते.

“हळू बोल,” मार्लिस म्हणाली.

“का? झोपलाय का?”

“नाही. ऐकतोय.”

आर्डिसने तिच्याकडे पाहिले, मग खाटेकडे. मार्लिस म्हणाली की सोमवारचे रद्द कर, त्याचे कारण मी तुला उद्या सांगेन, आज मला बोलता येणार नाही. थकली आहेस तू, डोके ठिकाणावर नाही तुझे, असे पुटपुटत आर्डिसने सदरे खुर्चीवर टाकले आणि ती निघून गेली. जाताना मात्र तिने दार एरवीसारखे आपटले नाही, हळूच ओढून घेतले.

मार्लिस खुर्चीवरचे सदरे बाजूला करून बसली. व्हर्लिन छताकडे बघत होता. बाहेर वारा पडला होता आणि घरात कसलाच आवाज नव्हता.

उन्हाळ्यात एकदा ती याच खाटेच्या पायथ्याशी बसून त्याला मोजे चढवत होती. मानेत फोन अडकवून ती आपल्या बहिणीशी बोलत होती, आणि तेव्हा ती म्हणाली होती की त्या दिवशी अँब्युलन्स अर्धा तास उशिरा आली असती तर दोघेही सुटलो असतो. रडत नव्हती ती तेव्हा. दूध संपले म्हणावे तशा सुरात म्हणाली होती.

“व्हर्लिन,” ती म्हणाली, “मी माझ्या बहिणीशी फोनवर बोलले होते. अँब्युलन्सचं. ते ऐकलंस तू?”

काही झाले नाही. तिने त्याच्या ओठांकडे पाहिले, ते हलले नाहीत. नसेल ऐकले, तिला वाटले. झोप लागली असेल त्या वेळी, माणूस झोपतो की कधीतरी. तिच्या छातीवरचे ओझे उतरू लागले आणि तिने हात पुढे करून त्याच्या पांघरुणाची सुरकुती सारखी केली.

“च्.”

ती हात तसाच ठेवून बसून राहिली. चूक दाखवली की कारणे द्यायची नाहीत, हा रेंजवरचा रिवाज तिला त्यानेच शिकवला होता.

“बरोबर आहे,” मार्लिस म्हणाली, आणि तिने खुर्ची खाटेजवळ ओढली.