मी गिळलेलं आडनाव

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी एक जुना भोंगा आहे हे खरं, आणि भोंगा म्हटलं की लोक आधी कान झाकतात हेही खरं. पण आज मी हळू बोलणार आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचे शब्द मोठे करून सांगितले. आज माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे, आणि चूक काही कुणी ओरडून सांगत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला, मागे आवाजाचं यंत्र बसवलं आणि सांगलीच्या एका दुकानात छताला उलटं टांगलं. तिथून मला कडेगावच्या फारूक आत्तारांनी आणलं. त्यांचे वडील जत्रेजत्रेतून बांगड्या आणि अत्तर विकायचे. फारूकभाईंना मात्र आवाजाचा नाद. त्यांनी पेंटर बोलावून माझ्या कडेवर तांबड्या रंगात गोल अक्षरं काढून घेतली : ‘आत्तार साऊंड सर्व्हिस, कडेगाव’. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की विचारू नका.

मग काय, कामाला तोटा नव्हता. गणपतीची आरती माझ्यातून, उरसातली कव्वाली माझ्यातून. ताबूत निघाले की ‘मागच्यांनी ढकलू नका’ हे माझ्यातून, आणि कुणाची म्हैस सुटली तर तिचा रंग, शिंगं आणि मालकाचं नाव हेही माझ्यातूनच. लग्नात तर नवरदेवापेक्षा मी उंच बसायचो. पण खरं सांगू? माझा जीव रमायचा तो कुस्तीच्या मैदानात. तांबडी माती, भोवती माणसांचा वेढा, हलगीचा ठेका, आणि माइक हातात घेऊन उभे असलेले आकाराम मास्तर.

हे मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. धोतर, टोपी, आणि आवाज असा की मी नसतो तरी चाललं असतं. हे मी एरवी कबूल करत नाही. पैलवान आखाड्यात उतरला की मास्तर त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, सगळं तोंडपाठ सांगायचे. आमच्याकडे मैदानात आडनाव फारसं कुणी घेत नाही, गाव घेतात. ‘कवठ्याचा बिरदेव’, ‘मलकापूरची पूजा’. गावाचं नाव लागलं की अख्खं गाव पाठीशी उभं राहतं, अशी इथली रीत. रीत चांगलीच आहे. पण तिच्याच आडून आमचं चुकलं.

फारूकभाईंची मुलगी फिरदोस. लहानपणी ती बापाबरोबर टेम्पोत बसून मैदानाला यायची. मशिनजवळ बसून तिनं इतक्या कुस्त्या पाहिल्या की एक दिवस गावच्या तालमीत दादासो वस्तादांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मलाबी शिकवा.” वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, फारूकभाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, “उद्या पाच वाजता ये. उशीर झाला तर दार बंद.” ती साडेचारलाच जाऊन पायरीवर बसली. पुढे वर्षभर ती एकदाही उशिरा गेली नाही.

बाराव्या वर्षी तिची पहिली कुस्ती लागली, कवठे महांकाळकडच्या एका जत्रेत. मास्तरांच्या हातात चिठ्ठी आली : ‘फिरदोस आत्तार, कडेगाव’. मित्रांनो, माइकमधून मला माणसाचा श्वासही ऐकू येतो. मास्तरांचा श्वास तेव्हा अडखळला. एक क्षण मैदानात नुसती खरखर. आणि मग ते म्हणाले, “आता आखाड्यात येतीया कडेगावची लेक, फिरदोस कडेगावकर!”

मी ते जसंच्या तसं चार दिशांना फेकलं. टाळ्या पडल्या. फिरदोसनं समोरच्या मुलीला पटात घेतलं आणि दोन मिनिटांत पाठ टेकवली. पुन्हा टाळ्या. फारूकभाई मशीन सोडून धावत आले आणि मास्तरांचे हात धरून म्हणाले, “मास्तर, आख्ख्या गावाचं नाव दिलंसा की पोरीला!” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मीही खूश. माझ्या कडेवर ‘आत्तार’ लिहिलेलं होतं आणि तोंडातून ‘कडेगावकर’ गेलं होतं, याची गंमत तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

तालमीत अक्षर चांगलं ते मास्तरांचंच. त्यामुळे स्पर्धांचे अर्जही तेच भरायचे. लोकांच्या तोंडी जे नाव बसलं तेच त्यांनी कागदावर लिहिलं. तालुका, जिल्हा, राज्य, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नाव उतरत गेलं. प्रमाणपत्रं येत गेली, ‘फिरदोस कडेगावकर’. राज्याची चार सुवर्णपदकं त्याच नावावर. त्यातल्या दोन अंतिम कुस्त्या मलकापूरच्या पूजाशी झाल्या आणि दोन्ही वेळा निकाल गावभर ओरडून ओरडून मला सर्दी झाल्यासारखं झालं.

पुढे परदेशातल्या स्पर्धेसाठी तिला पासपोर्ट काढावा लागला. तिथे शाळेचा दाखला बघतात, भोंगा काय म्हणतो ते बघत नाहीत. तिथून पुढे ती झाली आत्तार फिरदोस फारूक. देशाची दोन सुवर्णपदकं, परदेशातलं एक रौप्य, सगळं या नावावर.

त्याच काळात माझे दिवस फिरले. मोठाले काळे बॉक्स आले, छातीत धडकी भरवणारे. लग्नवाल्यांना तेच हवे झाले. फारूकभाईंनी मला दुकानाच्या माळ्यावर ठेवलं. कुंभारमाशीनं माझ्या नरड्यात मातीची घरटी केली. एका बाजूला पोचा आला, तांबडी अक्षरं विटली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खाली दुकानात फिरदोसची बातमी आली की मी माळ्यावर एकटाच फुगायचो.

मग तिचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी आखाडा बंद केला. नवं पदक आता मिळणार नव्हतं. जे कमावलं तेवढंच. वस्ताद म्हणाले, देशाच्या मोठ्या क्रीडा पुरस्काराला अर्ज कर. तिनं केला. एक वर्ष गेलं, काही कळलं नाही. दुसरं वर्ष गेलं, तसंच.

दुकानासमोरच्या चहाच्या बाकड्यावर मग चर्चा रंगल्या. एक म्हणायचा, “आडनाव बघून फाईल खाली सारली असणार. यादीत अशी नावं किती असत्यात, मोज की.” दुसरा म्हणायचा, “तसं काय न्हाई गड्या. आमच्या भावकीतल्या पोरालाबी दिला न्हाई. ज्याच्या मागं कोण न्हाई त्याला मिळत न्हाई.” कुणीतरी फिरदोसलाच विचारलं. ती म्हणाली, “आडनावामुळं दिला न्हाई, असं मी म्हणणार न्हाई. मला ठावं न्हाई. पर तसं नसंलच, असंबी मला म्हणवत न्हाई. हे असं दोन्हीकडनं मन खात ऱ्हातं, त्याचाच लय तरास हुतो.”

माळ्यावर मला ते ऐकवेना.

तिसऱ्या वर्षी मात्र दिल्लीहून पत्र आलं. फारूकभाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. सुरुवातीच्या वर्षांची पदकं ‘कडेगावकर’ नावाच्या खेळाडूची दिसतात, अर्जदार ‘आत्तार’ आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा लेखी पुरावा पंधरा दिवसांत द्यावा, नाहीतर ती पदकं धरता येणार नाहीत. ती चार पदकं वगळली तर फाईलमध्ये सातातली तीनच राहत होती. आणि आता नव्यानं कमवायला गुडघा नव्हता.

फारूकभाई खुर्चीत बसले ते उठेनात. “म्हंजी आपल्याच मान्सांनी...” एवढंच म्हणाले.

मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, पत्र वाचलं, आणि आधी चिडले. “मैदानात जे नाव गाजलं ते खरं नाव! समद्या जिल्ह्याला ठावं हाय ही कोण हाय ती. दिल्लीला ठावं नसंल तर दिल्लीचा दोष!” असं बरंच बोलले. फिरदोस ऐकत उभी होती. मास्तरांचा आवाज खाली आल्यावर तिनं शांतपणे विचारलं, “आवं मास्तर, चिठ्ठीवर आत्तार लिव्हलेलं. तुमी कडेगावकर का म्हणालासा?”

मास्तरांनी टोपी काढली. पुन्हा घातली. म्हणाले, “गावाचं नाव लावायची रीत हाय म्हणून.”

“बिरदेवला तुमी कवठ्याचा बिरदेव म्हणालासा. पर अर्जावर त्याचं आडनाव त्याचंच ऱ्हायलं. माझंच का गेलं?”

मित्रांनो, त्या वेळी मी माळ्यावर होतो, मधे माइक नव्हता, तरी मला तो जुनाच श्वास ऐकू आला. मास्तर म्हणाले, “भ्या वाटलं पोरी. परका गाव, जत्रेची गर्दी. एक तर पोरगी, त्यात आडनाव ऐकून कुणी काय वंगाळ बोललं तर? टाळ्या पडल्या न्हाईत तर? बारा वर्साची व्हतीस तू. मला वाटलं, गावाचं नाव पांघरलं म्हंजी तुला कायबी लागणार न्हाई.”

“मी जिंकलेली न्हवं त्या दिवशी?”

“जिंकलेलीस.”

“मग टाळ्या पडल्याच असत्या. माझ्या नावाला पडल्या असत्या.”

पंचाहत्तरी ओलांडलेला तो माणूस, हजारोंच्या मैदानाला गप्प करणारा, खाली मान घालून बसला. आणि मला माझी लाज वाटली. ते नाव गिळलं मास्तरांनी, पण त्याच्या जागी आलेलं दुसरं नाव माझ्याच गळ्यातून गेलं होतं. आम्ही तिला ‘आपली’ म्हणालो, आणि तसं म्हणण्यासाठी तिचं अर्धं नाव बाजूला ठेवलं. प्रेम होतं, यात शंका नाही. पण प्रेमानं झाकलेलंही झाकलेलंच असतं.

मास्तर उठले. म्हणाले, “फारूक, त्यो जुना भोंगा काढ. परवा आपल्या गावचं मैदान हाय. चूक भोंग्यातनं झालीया, भोंग्यातनंच सांगतो.”

मला खाली उतरवलं. खिळ्यानं घरटी उकरली, फडक्यानं पुसलं. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं आणि तेही असलं सांगायला! पहिल्यांदा नुसती शिट्टी वाजली. मैदान हसलं. मग मास्तर बोलायला लागले, तेव्हा कुणी हसलं नाही.

“मंडळी, सोळा वर्सामागं मी ह्या भोंग्यातनं एक नाव चुकीचं सांगितलं, आन् पुढंबी तेच सांगत ऱ्हायलो. पैलवान फिरदोस कडेगावकर असं कुणी नव्हतं. जी जिंकली ती फिरदोस फारूक आत्तार. भ्यालो मी. ती भ्याली नव्हती. तिच्या कुस्त्या ज्यांनी बघितल्या, तिच्यासंगं जे खेळले, त्यांनी म्होरं यावं आन् तसं लिहून द्यावं. तिला आपली सही पायजे.”

मला वाटलं, आता कुणी येत नाही.

मग बायकांच्या बाजूनं एक दणकट बाई लेकराला कडेवर घेऊन उठली आणि थेट माइकपाशी आली. मास्तरांनी तिला ओळखलं नाही. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, “मी पूजा जयराज थोरात, मलकापूर. राज्याच्या फायनलला दोनदा माझी पाठ लागली. ती कुणी लावली त्ये माझ्या पाठीला इचारा! आत्तार म्हणा न्हाईतर कडेगावकर, हिचा हात मी डोळं झाकून वळखीन.” पत्राची बातमी दोन दिवसांत मलकापूरला पोचली होती; पिशवीतून तिनं स्वतःची रौप्यपदकाची दोन प्रमाणपत्रं काढली. हरलेल्या कुस्तीचे कागद तिनं इतकी वर्षं जपून ठेवले होते.

मैदान उसळलं. फिरदोस गुडघा सांभाळत आली, आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या ते लेकरू मधे रडायला लागलं तेव्हाच सुटल्या.

मग रांग लागली. बिरदेव आला, पंच आले, हलगीवाले आले. दादासो वस्तादांनी सही केली. सगळ्यात वर मास्तरांचा कबुलीजबाब, त्यांच्याच सुंदर अक्षरात. अर्जांवर नाव मी बदललं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. कागद मुदतीच्या आत गेले. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की सर्व पदकं एकाच खेळाडूच्या नावे धरून अर्ज विचारात घेतला आहे. फारूकभाईंनी ते पत्र तीनदा वाचलं, आणि मग मला जोडून सगळ्या गल्लीला ऐकवलं.

पुरस्काराची यादी अजून लागलेली नाही. मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. दिल्लीतलं मला कळत नाही. न्याय सगळ्यांना सारखा मिळतो का, हे तुमच्यासारख्या शिकणाऱ्यांनी मोठं होऊन बघायचं आहे, आणि विचारायचंही आहे. मला फक्त गावाच्या वेशीतलं कळतं, आणि तिथं आम्ही आमची चूक दुरुस्त केली.

मित्रांनो, मला पुन्हा माळ्यावर टाकलंत तरी चालेल. नरडं तेवढं अधूनमधून साफ करा. आणि दिल्लीच्या त्या मोठ्या सभागृहात जो कुणी माझा भाऊबंद टांगलेला असेल, तुमच्यापैकी कुणी कधी तिथं गेलंत, तर त्याला माझा एक निरोप द्या. म्हणावं, कडेगावहून एक नाव येणार आहे. थोडं लांब आहे. घाई करू नकोस. फिरदोस फारूक आत्तार. तिन्ही शब्द नीट म्हण.