तोंडात टाचण्या

आजी गेल्यावर लोक तिच्याबद्दल जे बोलायला लागले ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग राग. कुणी म्हणे सोशिक होती, कुणी म्हणे शांत. शांत कसली डोंबलाची. पत्ते खेळताना राजरोस लबाडी करायची आणि पकडली गेली की डाव उधळून उठायची. चहात साखर कमी पडली तर कप तसाच पुढे सरकवायची आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणाशी धड बोलायची नाही. मी तिच्या खोलीत झोपले, तिच्याच मशीनवर शिवायला शिकले, आणि तिच्यावर माझा जेवढा जीव होता तेवढा दुसऱ्या कुणावर नव्हता. म्हणूनच तिचं हे धुऊन इस्त्री केलेलं रूप मला सहन होईना.

आमचं दुकान घराच्याच खाली, रस्त्याला लागून. नवीन कपडा आजी शिवत नसे. "नवीन काय, कुणीही शिवतं," असं नाक उडवून म्हणायची. तिचं काम दुरुस्तीचं. सैल करणं, आवळणं, चेन बदलणं. त्यात तिची एक रीत होती. माप घेताना ती आकडा बोलायची नाही. दुसरे शिंपी आकडा असा पुकारतात की आपली कंबर समोरच्या फुटपाथवरही कळावी. आजी टेपवर अंगठा दाबून धरायची, तशीच टेबलापर्यंत जायची आणि कापडावर खडूने खूण करायची. एखादी बाई कपडा घट्ट झाला म्हणून ओशाळून आली की आजी कापड बोटांत चोळून म्हणायची, "आटलंय हे. दमट असेल तुमचं कपाट." मग शिवण उसवून, आतलं दाबलेलं कापड मोकळं करून, मागितलं त्याहून जरा जास्तच सैल करून द्यायची. आपली कपाटं दमट आहेत असा आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचा पक्का समज होता.

आणि कुणी खोदून विचारायला आलं, अमकीचा कोट कशाला आलाय, तमक्याची पॅन्ट कुणी आणली, की आजी पटकन टाचण्या ओठांत धरायची आणि नुसती मान हलवायची. टाचण्या तोंडात असताना बोलता येत नाही हे कुणालाही पटतं. मला म्हणायची, "तुझ्या तोंडात अख्खी डबी ओतली तरी तू बोलशील." मला ती चेष्टा वाटायची.

आता शिट्टीमास्तरांबद्दल सांगायला हवं. मास्तर आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. आमची सगळी पिढी त्यांच्या शिट्टीवर डावी-उजवीकडे वळत मोठी झाली. निवृत्त झाल्यावरही ते तसेच ताठ चालायचे, आणि रस्त्यात पोक काढून चालणाऱ्याला थांबवून सरळ करायचे. गेल्या वर्षी आजार निघाला. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. मास्तरांना एवढंच सांगितलं की वजन टिकवा, ते टिकलं म्हणजे औषध लागू पडतंय.

मास्तरांनी ते धरून ठेवलं. काकूंनी घरातला वजनकाटा बिघडला म्हणून कुणाला तरी देऊन टाकला, तेव्हा त्यांनी आपला पट्टा काटा म्हणून वापरायला घेतला. सकाळी फेरी मारताना दुकानासमोर थांबायचे, स्वेटर वर करायचे आणि म्हणायचे, "बघा मावशी, पट्ट्याचं तेच भोक. नोकरीला लागलो तेव्हाचं."

आजी चष्म्यावरून बघायची. "मास्तर, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवून मग जाणार," असं म्हणायची. ते खूश होऊन पुढे जायचे.

दुपारी मास्तर झोपले की काकू पिशवी घेऊन यायच्या. वर भाजी, खाली पॅन्ट. आजी पॅन्ट मागून उसवून कंबर आवळायची, पट्टीवरची टीप जुन्या रेघेवरच घालायची आणि वरून ओलं कापड ठेवून इस्त्री फिरवायची. पट्ट्याचं काम अवघड होतं. भोकांच्या बाजूने कापला असता तर लगेच लक्षात आलं असतं. म्हणून आजीने बक्कल काढलं, त्या टोकाचं चामडं कापलं, बक्कल पुन्हा बसवलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवलं. भोकं जिथल्या तिथे राहिली. तपकिरी दोरा संपला होता, म्हणून आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी, लाल दोऱ्याची टीप घातली. हे तिने एकदाच केलं असं नाही.

"हे इथेच राहायला हवं," आजी मला म्हणाली होती.

"मला काय सांगतेस?" मी फणकाऱ्याने म्हणाले होते.

ती गेल्यानंतर मामाने घरी माणसं बोलावली. बाहेरची खोली खुर्च्यांनी भरली, टेबलावर तिचा फोटो ठेवला. काकू आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचा ताबा घेतला. मास्तरही आले. ते समोर आहेत हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हाताची खुर्ची मीच त्यांना आणून दिली होती, पाठीला उशीसुद्धा दिली होती.

मामाने कागद काढला आणि वाचायला लागला. "आमच्या आईने आयुष्यभर निरपेक्ष भावनेने सर्वांची सेवा केली." माझं डोकंच फिरलं. सेवा. कामाचे पैसे द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला तिने एकदा फक्त एका बाहीचा कोट घरी पाठवला होता. मामाचा कागद संपायच्या आत मी उठून उभी राहिले.

आधी दमट कपाटांचं सांगितलं. क्षणभर कुणालाच कळेना, मग एक बाई "अगं बाई, म्हणजे माझं कपाट..." असं म्हणाली आणि खोली हसण्याने फुटली. एकमेकींना टाळ्या देत, डोळे पुसत बायका हसल्या. मामासुद्धा हसला. एवढे दिवस सुतकात बसलेल्या घरात आजी परत आल्यासारखं वाटलं, आणि तिला आणणारी मी होते. मला ते चढलं. हसवलं, आता जरा रडवूही, असं मनात आलं. खरंच आलं, ते मी नाकारत नाही.

म्हणून मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, की आजी फक्त सैल करायची असं नाही. एका घरातली बाई आजारी नवऱ्याची पॅन्ट लपवून आणायची. तो बारीक होत चाललाय हे त्याला कळू नये म्हणून आजी आवळून द्यायची. नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, इतकीच माझी अक्कल. आणि मग पट्ट्याचं सांगितलं. बक्कल कसं काढलं, चामडं कुठून कापलं, आतून लाल दोऱ्याची टीप कशी घातली. काम सांगायला लागले की मला थांबता येत नाही.

कुणी तरी नाक ओढलं. मी कौतुकाने सगळ्यांकडे बघत गेले आणि मास्तरांपाशी आले.

त्यांचा हात स्वेटरखाली गेला होता. बक्कल त्यांनी सोडलं नव्हतं, नुसतं अंगठ्याने बाहेरच्या बाजूला उलटवलं होतं, आणि नखाने आतली शिवण चाचपत होते. मग मान खाली घालून त्यांनी रंग बघितला. बराच वेळ बघितला. नंतर स्वेटर नीट खाली ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, वर्गात फोटो काढताना आम्हाला ठेवायला लावायचे तसे.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. "काय झालं, सगळे गप्प का?" त्यांनी विचारलं.

"आईच्या आठवणी," मामा म्हणाला.

मास्तरांनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि काकूंना म्हणाले, "साखर अगदी बरोबर पडलीय." मी उभीच होते. बसावं कसं तेच मला सुचेना.

लोक जाताना माझे हात हातात घेऊन, किती छान बोललीस, असं म्हणत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजी कपडे आवळत होती, सैल करत होती, पण तिच्याकडे लोक यायचे ते तिच्या बंद तोंडासाठी. एवढ्या वर्षांत त्यातलं एक अक्षर तिने बाहेर जाऊ दिलं नाही, आणि तिचा फोटो भिंतीवर जायच्या आत मी ते भर खोलीत ओतून मोकळी झाले. कशासाठी, तर मामापेक्षा मी बरी बोलते हे दाखवायला. मामाने तो फोटो दुकानात लावला आणि त्याच्याकडे बघायची मला लाज वाटायला लागली. दुकानात बसले की मी मशीन समोरच्या भिंतीकडे वळवून फोटोला पाठमोरी काम करायचे. मास्तर सकाळच्या फेरीला येईनासे झाले.

मग एका सकाळी मी शटर वर करते तर ते बाहेर उभे. काठी घेऊन. काठी मी त्यांच्या हातात पहिल्यांदा बघितली.

"माप घे," ते आत येऊन म्हणाले.

"मास्तर, मी त्या दिवशी..."

"आधी माप घे."

मी टेप घेतली. स्वेटर, शर्ट, आत आणखी एक शर्ट, त्याच्या आत गंजी. त्यांनी एकेक वर धरलं. मी टेप फिरवली आणि सवयीने अंगठा आकड्यावर दाबला.

"अंगठा काढ," ते म्हणाले. "मोठ्याने सांग."

मी आकडा सांगितला. त्यांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हटला, हजेरी घेताना एखादं नाव पुन्हा म्हणावं तसा, आणि शर्ट आत खोचायला लागले. खोचायला भरपूर जागा होती.

"मला वाटत होतं मी जिंकतोय," ते म्हणाले. "रोज सकाळी वाटायचं."

"माझं चुकलं, मास्तर. मला माफ करा."

"चुकलं हे खरंच." ते कवायतीत चूक दाखवताना बोलायचे तितक्याच सरळ आवाजात बोलले. "मावशींना हे सांगावं लागलं नसतं, तुला सांगावं लागतंय म्हणून आलो. हिला यातलं काही कळता कामा नये. मला माहीत नाही म्हणून ती जेवते, झोपते. मला कळलंय हे समजलं तर ती आजच कोसळेल. ती पिशवी घेऊन येईल तेव्हा तू गुपचूप आवळून द्यायचं. पट्टासुद्धा."

"पण कुणी काकूंना सांगितलं तर? सगळ्यांनी ऐकलंय."

"तर मी म्हणेन मला डुलकी लागली होती. म्हातारा माणूस, लागते डुलकी." दारापर्यंत जाऊन ते वळले. "दोरा मात्र तपकिरी आण."

मी त्याच दिवशी आणला.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या. वर भाजी, खाली पॅन्ट, पॅन्टच्या घडीत पट्टा. आजीच्या जागी मी बसलेली बघून त्यांचे डोळे भरले. मी बक्कल काढलं, चामडं कापलं, दोऱ्याला मेण लावलं. आरीने नवी छिद्रं पाडून टाका घातला. काकू स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या.

"अगदी तिचाच हात आहे तुझा," त्या म्हणाल्या. "यांना अजून काही पत्ता नाही बघ. सकाळी आरशापुढे उभे राहून म्हणतात, तेच भोक. मी आत जाऊन देवाचे आभार मानते. तुझी आजी गेली तेव्हा मला पहिली धास्ती हीच पडली होती, की आता विश्वासाने कुणाकडे जायचं?"

मी टाका ओढला. दोरा तुटेल इतका ओढला.

"त्या दिवशी मी मेली चहात अडकले आणि तुझं बोलणं ऐकायचं राहून गेलं," काकू पुढे झुकून म्हणाल्या. "सगळे म्हणतात इतकं छान बोललीस. यांना विचारलं तर म्हणतात, मला डुलकी लागली होती. तूच सांग बाई, काय सांगितलंस आजीबद्दल?"

भिंतीवरून आजी बघत होती. मी टाचण्यांची डबी जवळ ओढली. पट्ट्याला टाचण्या लागत नाहीत हे काकूंना काय माहीत. चार काढल्या, ओठांत धरल्या, आणि मान हलवली.