गरिबीचा दाखला

कृष्णकांतबाबू वशिल्याला भीक घालत नसत, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत. कचेरीत उत्पन्नाचे दाखले तेच देत. त्या वर्षी गरीब रुग्णांना सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन फुकट मिळू लागलं, पण दाखला आणला तरच. तेव्हापासून त्यांच्या टेबलापुढे रांग लागे अन् बाबूंची मान आणखी ताठ होई.

सोमवारी गोपिका नावाची एक बाई अर्ज घेऊन आली. अंगावर जांभळी रेशमी साडी, पदराला जर.

"पोरीले साखरेची बिमारी हाये, बाबूजी. रोज सुई लागते. दोनच दिवसाची दवाई उरली."

बाबूंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "रेशीम नेसून गरिबी सांगून राहिली का वं? आम्ही काय दूधखुळे आहो? जा!"

रांग हसली. बाई अर्ज टेबलावरच ठेवून गेली. बाबूंना त्या दिवशी डबा गोड लागला.

गुरुवारी संध्याकाळी ते जरीपटका वस्तीतल्या आपल्या घरी चहा पीत होते. बायको, तारा, स्वतः भांडी घासत होती.

"काहून, भांडेवाली नाही आली?"

"गोपिकाची पोरगी बेहोश पडली, सरकारी दवाखान्यात हाये. दवाई सरली अन् दाखला नाही भेटला म्हणते. म्या माही लग्नातली जांभळी साडी देली होती तिले. कचेरीत फाटकं नेसून कशी जाईन बिचारी? तुमचं नाव घेऊ नको म्हटलं. तुम्हाले वशिला चालत नाही ना!"

गोपिका रोज ते कचेरीत गेल्यावर येई, म्हणून तिची ओळख नव्हती. पण पंधरा वर्षं बायकोच्या अंगावर पाहिलेली साडी? धन्य तो नवरा! बाबूंचे कान शरमेनं तापले. खरं सांगायला तोंड उघडलं, अन् आणखी चहाच मागितला.

शुक्रवारी पडलेला अर्ज काढून त्यांनी शिक्का मारला आणि दाखला घेऊन स्वतः दवाखाना गाठला. बारा वर्षांची जयवंता शुद्धीवर आली होती. ओठ पांढरेफटक, हातांच्या नुसत्या काड्या.

गोपिकानं दाखला कपाळाला लावला. "माहीच चूक होती, बाबूजी. तरी तुम्ही पायी चालत आले. देवमाणूस आहा तुम्ही! जयवंता, उठ वं, सायबाच्या पाया पड."

पोरगी खाटेचा आधार घेत उतरली, वाकली.

नको म्हणायला हवं होतं. बाई, हिची ही गत मीच केली, असं म्हणायला हवं होतं. बाबूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "सुखी राहा."